पोहनकर सर आणि शिंगाड्यांचं मैदान

पोहनकर सरांकडचं उजळणीचं उड्डाण धावपट्टीवर संपत नसे. ते संपायचं कुणाच्या तरी शेतात. विमान खाली आलं, इंजिन थांबलं, की वैमानिक सुटल्यासारखा वहीकडे हात न्यायचा आणि सर जीपची किल्ली उचलायचे. "चला, इंजिन बंद पडल्यावर उतराले तुमी वरून जागा निवडली न? आता तिथी जाऊन उभे राहू." मग तासाभरानं चंद्रपूरचा एखादा नामांकित डॉक्टर पांढऱ्या पॅन्टीत धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उभा. समोर गुडघ्याएवढा मातीचा बांध, म्हणजे धुरा, मागे गुडघ्याएवढा धुरा. वरून हेच सगळं कापडाच्या ताग्यासारखं सलग आणि सपाट दिसलेलं. सर म्हणायचे, "मोजा पावलं. दोन धुऱ्यांमधी किती जागा हाये ते तुमच्या पायालेच सांगू द्या." डॉक्टर मोजायचा. छत्तीस. "अन् विमानाले किती लागते?" सर त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि धुऱ्यावर बसून डबा उघडायचे. एवढंच. ओरडा नाही, व्याख्यान नाही.

ज्यांनी हे जग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खासगी परवानेवाला माणूस पोटासाठी उडत नाही, हौसेनं उडतो. कधी महिन्यातून एकदा, कधी सहा महिन्यांतून. हात विसरतात आणि माणसाला वाटत राहतं की विसरले नाहीत. म्हणून शहराबाहेरच्या त्या छोट्या क्लबात नियम होता: ठरावीक मुदतीनं शिक्षकाला शेजारी बसवून उडायचं, शिक्षकानं वहीत सही करायची, आणि ती नसेल तर दुसऱ्या कुणाला सोबत न्यायचं नाही. नियम उत्तम. पण आपल्याकडे उत्तम नियमांचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. एक उड्डाण, एक गोल चक्कर, एक चहा, एक सही. ज्यांना उजळणी म्हणजे वहीतला शिक्का वाटतो, त्यांनी पोहनकर सर पाहायला हवे होते.

मी त्या क्लबात गेले ती भांडायला. मी मूल-सिंदेवाहीकडच्या एका ढिवरांच्या गावातली. बाप तलावात मासे धरायचा, हिवाळ्यात शिंगाडे काढायचा. मी कॉलेजात असतानाच संघटनेत गेले आणि तिथे मला एकच कला आली, पत्रक लिहिणं. तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. प्रकाशशेठ नावाचे वाहतुकीचे ठेकेदार हौसेनं विमान चालवायचे आणि पाहुण्यांना मजा म्हणून आमच्या गावावरून खाली खाली न्यायचे. एके दिवशी त्या आवाजानं म्हशी तलावातून उधळल्या आणि तिघांच्या उभ्या धानात शिरल्या. मी लिहिलं: "आकाश कोणाच्या बापाचं?" आणि गठ्ठा घेऊन थेट क्लबाच्या फाटकावर उभी राहिले.

एक बुटका, काळासावळा, सत्तरीकडे झुकलेला माणूस सायकलवरून उतरला. हेच पोहनकर सर: हवाई दलातून निवृत्त, पण बोली पक्की आमच्याकडची, कारण जन्म सिंदेवाहीचा. त्यानं पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. माझं पत्रक पूर्ण वाचणारा हा पहिला माणूस.

"विमान शंभर फुटावरून गेलं म्हणतेस. मोजलं कशानं?"

"डोळ्यानं."

"मंग अंदाजे लिही न बाई. बाकीचं सारं खरं हाये अन् एक आकडा खोटा. तो शेठ त्या आकड्याले धरन अन् बाकीचं सोडून देईन."

मी चिडले. पण तो माणूस शेठची बाजू घेत नव्हता, हे माझ्यासारखीलाही कळलं. ते म्हणाले, "शुक्रवारी त्याची उजळणी हाये माह्यासंगं. मागं एक सीट खाली असते. तू बस. मले गावातलं माणूस पाहिजेच होतं. वरून गाव पाहणारे लय हायेत."

शुक्रवारी शेठ आले ते घाईत. धिप्पाड गडी, गळ्यात साखळी, पण हसणं मोकळं. मला पाहून म्हणाले, "हे पत्रकबाई काऊन सोबत?" सर म्हणाले, "वजन बरोबर राहाले." आणि विमानाकडे न जाता टेबलाशी बसले. शेठ उभेच. "मास्तर, सही पटकन लागते. पुढच्या रविवारी मायले बसवाचं हाये. ऐंशीची झाली. म्हणते, मराच्या आधी एकडाव आपलं गाव वरून दाखव." ते म्हणताना शेठचा आवाज मऊ झाला. मला ते आवडलं नाही. ज्याच्यावर पत्रक काढायचं त्याची आई मध्ये आली की लेखणी बोथट होते.

सर म्हणाले, "बसा. आधी हे सांगा, गेल्या वर्षात वर असतांनी भेव कशाचं वाटलं?"

"भेव? मी गडचिरोलीच्या जंगलातून ट्रक काढले मास्तर."

"ट्रक बंद पडला तर खाली उतरून बॉनेट उघडता येते. तुमी उडता कुठी?"

"मूलकडं. वैनगंगेपावतर. आमचं मूळ गाव तिकडं."

"मंग तिकडंच जाऊ. इथी धावपट्टीभोवती चकरा मारून तुमाले काय दाखवू? अन् एक ध्यानात ठेवा. मी परीक्षा नाई घेत. मी नसतांनी जे कराल तेच आज करा."

ही त्यांची पद्धत. प्रत्येकाला एकच धडा नाही. ज्याला पावसाळी ढगात शिरायची खोड, त्याच्याशी ढगांवर बोलायचं. जो वर्षभर एकाच पट्टीवर उतरतो त्याला परकी पट्टी दाखवायची. आणि वर गेल्यावर दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवून बसायचं. "माह्ये हात इथी हायेत. मी नाईच असं समजा."

मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसले होते. भीती वाटली नाही असं लिहीन तर सर वरून ओरडतील. खाली कोळशाच्या खाणींचे काळे खड्डे गेले, मग साग, मग जंगल सरलं आणि आमचा मुलूख आला: धानाच्या बांध्या, त्यात जागोजागी तलाव. शेठ चांगलं चालवत होते. ऐटीत वळत होते. सरांनी एकदा विमानाची गती मुद्दाम कमी करायला लावली, इतकी की ते डगमगून पडायला लागलं; शेठनं नाक खाली देऊन सावरलं. "छान," सर म्हणाले. शेठ मागे वळून माझ्याकडे बघून हसले.

आणि सरांनी इंजिनाचा दट्ट्या मागे ओढला. आवाज मेला. नुसता वारा.

"इंजिन गेलं. आता तुमची माय मागं बसली हाये."

शेठनं खाली नजर फिरवली. बांध्या, बांध्या, आणि त्यांच्या मधोमध एक मोठं हिरवंगार मैदान. ना झाड, ना धुरा, ना तार. "ते!" म्हणाले आणि नाक तिकडे वळवलं. बिनचूक वळवलं. वारा पाहिला, उंची सांभाळली, सगळं पुस्तकातल्यासारखं. मी खिडकीतून पाहते तर देवीचं देऊळ ओळखीचं, पिंपळ ओळखीचा. मग कळलं आणि मी किंचाळले.

"अहो, तो तलाव हाये! शिंगाडे हायेत ते! माह्या बाप डोंग्यात हाये तिथी!"

शिंगाड्याचा वेल नोव्हेंबरात तलाव असा झाकतो की पाण्याचा थेंब दिसत नाही. वरून ते क्रिकेटचं मैदान असतं. मधोमध एक काळी रेघ हळूहळू सरकत होती, बापाची होडी, डोंगा. शेठनं ती पाहिली की नाही मला ठाऊक नाही. विमान होतं तसंच खाली जात राहिलं. "गप बसा पत्रकबाई," ते म्हणाले, "जागा चांगली हाये." मी पुन्हा ओरडले. मान वळली नाही. मग सरांचा हात शांतपणे पुढे गेला, इंजिन गरजलं आणि आम्ही माझ्या बापाच्या डोक्यावरून वर चढलो. अजून पुरेशी उंची होती, हे सरांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला वाटलं, बाप गेला.

दुपारी जीप तलावाच्या पाळीवर, मातीच्या बंधाऱ्यावर, थांबली. सरांनी शेठला पाण्याच्या काठाशी उभं केलं. बाप डोंगा वल्हवत जवळ आला, टोपलीभर शिंगाडे पाळीवर ओतले आणि शेठकडे पाहून म्हणाला, "शेठजी, इथी उतराचं होतं तर सांगाचं न गा. डोंगा बाजूले घेतला असता." पाळीवरच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. शेठचे कान लाल.

सर हसले नाहीत. म्हणाले, "तलाव निवडला याले मी चूक म्हणत नाई. मलेबी चकवन तो. पण ही पोरगी दोनदा वरडली. खाली डोंगा चालून राह्यला होता. तुमी मान वळवली नाई. तुमचं ठरलं होतं. मले सही रोखाले तेवढं पुरे."

"म्हणजे मी नापास?"

"उजळणीत कोणी नापास नाई होत. ती पुरी होते, नाई तर पुरी नाई होत. मंगळवारी या."

"रविवारी मायले शब्द देला मी!"

"सही माह्यी हाये, पण बसणार तुमची माय हाये."

शेठ सरांच्या जीपमध्ये न बसता मोटार मागवून गेले. संध्याकाळी क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला. नवं छप्पर शेठच्या देणगीतून व्हायचं होतं. मी सरांसोबत क्लबात परत आले होते, त्यांची बाजू ऐकली. "हो साहेब... नाई साहेब... एकच तर सही हाये म्हणता न, त्याच्याचसाठी तर." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "मंगळवारी येईन तो. गडी वाईट नाई. हात चांगले हायेत त्याचे. दोन-तीन खेपा लागतीन."

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती माझ्यामुळे संपली नाही.

माझ्या हाताला इतका मोठा मासा कधी लागला नव्हता. शेठ, विमान, तलाव, आणि डोंग्यात माझा बाप! मी रातोरात लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मूलच्या छापखान्यातून काढलं: "आकाशातले शेठ शिंगाड्यात!" यावेळी एकही आकडा खोटा नव्हता. बाजारात वाटलं, बस स्टँडवर वाटलं, शेठच्या पेट्रोल पंपावर तर मी स्वतः चिकटवलं. लोक मोठ्यानं वाचून दाखवत होते. मी इतकी खूश आयुष्यात कमी वेळा झाले असेन.

मंगळवारी शेठ आले नाहीत. बुधवारी कळलं की ते लांबच्या दुसऱ्या एका क्लबात गेले होते आणि वीस मिनिटांत तिथल्या शिक्षकाची सही घेऊन आले. आमच्या क्लबाच्या नियमात ती सही चालत होती. रविवारी सकाळी आई बसणार.

मी सरांकडे धावत गेले. त्यांच्या टेबलावर माझं पत्रक होतं.

"खोटं आहे का यातलं काही?" मी आधीच भांडायला लागले.

"नाई. सारं खरं हाये."

"मग?"

"मंग काय! तो मंगळवारी येणार होता. त्याले शिकाचं होतं. तू त्याले बाजारात उभा केला. आता तो माह्याजवळ आला तर लोक म्हणतीन, शिंगाडेवाला आला. मी माणसाले त्याच्या चुकीजवळ नेतो ते त्यानं ती पाहावी म्हणून. चार लोकायनं पाहावी म्हणून नाई." मग पत्रकाची घडी घालून, "तुलेबी डोंगा दिसत होता न? म्हातारी दिसत होती न तुले?"

मला दिसत होती. शेठनं तिचा उल्लेख केला तेव्हा आवाज मऊ झाला होता, तोही ऐकू आला होता. मी मान वळवली नव्हती.

त्यांनी मला शेठकडे जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. सरांनी अध्यक्षांना कळवलं होतं, शेठला दोनदा फोन केला होता. पलीकडून ठेवला गेला. नियमात त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. शनिवारी मी शेठच्या घरी गेले. फाटकावरच्या माणसानं नाव विचारलं, मी खरं सांगितलं, त्यानं आत सोडलं नाही. मग मी फाटकाबाहेरूनच, ओट्यावर ऊन खात बसलेल्या म्हातारीला हाक मारली, "माय, मी ढिवराची पोरगी. तुमच्या लेकाबद्दल छापलं ते मीच."

म्हातारी डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "तूच का वो ते? ये इकडं. कोणी वाचूनच नाई दाखवत मले."

मी तिला पत्रक वाचून दाखवलं. तिथे बसून, तिच्या तोंडाकडे पाहत, ते वाचणं मला जमेना. ज्या ओळींवर बाजारात टाळी पडली होती त्या तिच्यासमोर मी हळू आवाजात वाचल्या. पण पूर्ण वाचलं. मग पत्रकात नव्हतं ते सांगितलं: मास्तरांनी सही का दिली नाही, ते मंगळवारी या म्हणाले होते, हात चांगले आहेत म्हणाले होते, आणि तुमचा लेक माझ्यामुळे परत गेला नाही. शेठ आतून आले तेव्हा मी ओट्यावरच होते. त्यांनी मला हाकललं असतं. म्हातारीनं काठी आडवी धरली.

"परकास, मास्तरनं तुले मंगळवारी बोलावलं होतं?"

"माय, तू मधी नको बोलू. झाली सही."

"कोणत्या मास्तरची? ज्यानं तुले तलाव दाखवला त्याची, का ज्यानं चहा पाजला त्याची?"

शेठ ओट्याच्या पायरीवर टेकले.

"मले उद्या नाई बसाचं. तुह्या सरकारी सहीवर मले गाव पाहाचं नाई. तो मास्तर जवा बस म्हणन तवा बसीन. अन् तवापावतर मी काई मरत नाई, हे माह्याकडं लागलं." मग माझ्याकडे वळून, "अन् तू वो. तू जाऊन कागद उपटून आण, पंपावरचे."

मी उपटले. नखं निघाली, डिंक चांगला होता.

शेठ त्या मंगळवारीही आले नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी आले, सकाळी सहाला, कुणी नसताना; हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. सर जणू काही झालंच नाही असे टेबलाशी बसले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, भेव कशाचं वाटते. शेठनं वहीचा कोपरा मुडपला, सरळ केला. मग म्हणाले, "मास्तर, एकदा ठरवलं की मले बदलता नाई येत. धंद्यातबी नाई." सर म्हणाले, "झालं. अर्धी उजळणी इथीच झाली. चला."

चार खेपा लागल्या. दुसऱ्या खेपेला निवडलेली जागा निघाली बाभळीच्या खुंटांची. तिसऱ्याला शेठनं एक पडीक जमीन धरली, खाली येता येता तिथली गुरं दिसली, त्यांनी ती सोडली आणि शेजारची कापलेली, धुरे मोडलेली बांधी धरली. त्या दिवशी जीपमधून जाऊन त्यांनी पावलं मोजली आणि न विचारता आकडा सांगितला. सर चौथ्या खेपेनंतर वहीत सही करताना म्हणाले, "आता मी सोबत नको. आता तुमी अन् माय." मी विचारलं, सर, तुम्ही मागं तरी बसा ना. "काऊन? भरवसा नसता तर सहीच काऊन केली असती?"

म्हातारी उडाली ती पौषात. हवा काचेसारखी होती. तिला आधी भाकर खायची होती, मग चप्पल काढून आत शिरायचं होतं. सगळं तिच्या मनासारखं झालं. सर फाटकाशी उभे राहून चौकीदाराशी भाजीच्या भावावर बोलत राहिले. मी मात्र मान मोडेपर्यंत वर पाहत होते. उतरल्यावर मी विचारलं, माय, काय पाह्यलं? "लय तलाव हायेत वो," ती म्हणाली. "एवढे तलाव असतांनी पाणी नाई पाणी नाई करते सारे." त्यावर मी नंतर एक पत्रक काढलं. छापण्याआधी पाटबंधारे खात्याच्या साहेबाला त्याच्या कचेरीत जाऊन वाचून दाखवलं. तो माझ्यावर ओरडला, पण दोन तलावांच्या गळक्या पाळी त्या उन्हाळ्यात दुरुस्त झाल्या. तेव्हापासून ज्याच्याबद्दल लिहिते त्याला आधी वाचून दाखवते. संघटनेतले माझ्यावर हसतात. हसू द्या.

पोहनकर सर त्यानंतर दीड वर्षानं गेले. छातीत दुखलं, रात्रभरात संपलं. शेठ खांदा द्यायला होते, डॉक्टर होते, माझा बाप होता. क्लबनं नवा शिक्षक आणला, तरुण, हुशार, बोलायला गोड. शेठची पुढची उजळणी त्याच्याकडे आली. मागच्या सीटवर मी बसावं अशी शेठची अट होती, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलं. धावपट्टीभोवती तीन चकरा झाल्या, तीनदा सुरेख उतरणं झालं. विमान थांबलं. शिक्षकानं खिशातून पेन काढलं, वही मांडीवर उघडली आणि म्हणाला, "वा शेठ, तुम्हाला काय शिकवायचं!"

शेठनं वही त्याच्या मांडीवरून उचलली आणि मिटली.

"थांबा साहेब. तुमी अजून वरती इंजिन बंद केलंच नाई."